फेस आला आणि मी फसलो

आमच्या पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर मंचरहून बटाट्याच्या बेण्याचे कट्टे उतरले की दोन दिवसांत औषधवाले दारात येतात. गेल्या जूनमध्ये असाच एक जण आला. मोटारसायकलला बांधलेली पेटी, बोलणं गोड. 'दादा, बांगडीचं काय करता?' हा त्याचा पहिलाच प्रश्न. मी तिथंच अर्धा फसलो, कारण त्याने दुखरी नस बरोबर धरली होती.

बांगडी म्हणजे बटाट्याची जीवाणूजन्य मर. झाड भर दुपारी मान टाकतं, पान मात्र हिरवंच. बटाटा आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी कडं, आणि दाबलं की त्यातून पांढरट चिकट पाणी. राल्स्टोनिया नावाचा जीवाणू हे करतो. तो टोमॅटो, वांगी, मिरचीवरही येतो आणि जमिनीत टिकून राहतो. माझ्या दीड एकरात आदल्या साली टोमॅटो असाच बसला होता, म्हणून यंदा तिथं मका करायचा आणि बटाटा दुसरीकडे लावायचा, असं ठरलं होतं. मक्याची पिशवी घरात येऊन पडली होती.

त्याने माझ्याच कट्ट्यातला बटाटा उचलला, कापला आणि एका कुपीतले चार थेंब टाकले. फसाफसा पांढरा फेस आला. 'हे सगळे रोगाचे जंतू.' मग स्वतःच्या डब्यातली एक फोड काढली, औषधात भिजवून तपकिरी झालेली. तिच्यावर तेच थेंब. फेस नाही. 'ही आमच्या जैविक औषधाची प्रक्रिया केलेली. आता खुशाल टोमॅटोच्या रानात लावा.' ओट्यावर चार शेजारी होते, आई होती. आई म्हणाली, 'घे की, एवढं डोळ्यानं दिसतंय.' १,८५० रुपयांची एक, अशा सहा बाटल्या घेतल्या. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून लिहून दिलं.

बेणं बुडवून लावलं, नंतर सरीतूनही सोडलं. तो म्हणाला होता, बरोबर कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लीन घातलं तर आणखी चांगलं. ज्या औषधात जिवंत जीवाणू आहेत म्हणतो, त्यातच जीवाणू मारायचं औषध घालायला सांगतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चाळिसाव्या दिवशी पहिली झाडं बसली. फोन केला तर 'डोस कमी पडला, आणखी दोन बाटल्या सोडा'. त्याही घेतल्या. तोवर पावसाचं पाणी सरीसरीतून फिरून रोग खालच्या अर्ध्या रानात गेला. मग त्याचा फोन लागेना.

कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडम आल्या. त्यांनी बसलेल्या झाडाचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगतं धरलं. दोन-तीन मिनिटांत कापातून दुधासारख्या बारीक तारा पाण्यात उतरायला लागल्या. सगळे गप्प. मॅडम म्हणाल्या, आता कुठलीच बाटली याला वाचवणार नाही. बांगडी पुणे जिल्ह्याला नवी नाही, डॉ. हॅरॉल्ड मान या शेतीशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी पुण्यात बटाट्याच्या रोगांवर काम केलंय, हेही त्यांनीच सांगितलं. एवढा जुना रोग आणि मी चार थेंबांत बरा करायला निघालो होतो!

खरी जैविक औषधं नाहीत असं नाही. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स, बॅसिलस सबटिलिस हे उपयोगी जीवाणू मुळांभोवती आधी जागा धरतात आणि रोगाला शिरकाव अवघड करतात. पण ते रोगाची लागण व्हायच्या आधी, निरोगी बेण्याबरोबर आणि पिकाची फेरपालट करून. रोग भरलेल्या रानात ते एकटे काय करणार? त्यांच्या पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जीवाणू असल्याची नोंद लागते. माझ्या बाटलीवर होतं 'सेंद्रिय शक्ती, सर्व पिकांसाठी' आणि एक हिरवं पान.

फेसाचं कोडं पुतण्यानं दिवाळीत सोडवलं. तो मायक्रोबायोलॉजी शिकतो. त्याने मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली, घरातला चांगला बटाटा कापला, थेंब टाकले. तोच फेस. 'काका, कच्च्या बटाट्यात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, त्यानं या पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन सुटतो. रोगाचा काही संबंध नाही.' मग कुकरमधला उकडलेला बटाटा घेतला. एक बुडबुडा नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

पंचायत समितीत अर्ज दिला. तिथं पक्कं बिल आणि सीलबंद बाटली मागितली. माझ्याकडे वहीचं पान आणि आठ रिकाम्या बाटल्या. आठ बाटल्यांचे १४,८०० गेले, त्याचं एवढं नाही. बेणं, मजुरी, खत गेलं, जे थोडं निघालं ते आरणीत, म्हणजे साठवणीच्या ढिगात, पंधरा दिवसांत पाणी सुटून बसलं, आणि आता ते रान दोन-तीन वर्षं बटाट्याला धरता येत नाही. मक्याची पिशवी शेवटी त्याच तुकड्यात फोडली.

परवा कळलं, खेडच्या बाजूला एक जण तशीच पेटी घेऊन फिरतोय. तुमच्या ओट्यावर आला तर त्याच्या डब्यातली फोड हातात मागून घ्या आणि नखानं दाबून बघा. उकडलेली असेल तर नख आत जाईल.