गुडघा: ऑपरेशन की नुसता व्यायाम?

"मामा, ऑपरेशन करू का नको?" आर्वीकडच्या भाच्याचा प्रश्न. फुटबॉलमध्ये बचावपटू आहे, गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून जोडणारा पट्टा, तुटलंय.

खर्चात व्यायाम स्वस्त. ऑपरेशन महाग, शिवाय नागपूरच्या खेपा. पण ऑपरेशननंतर मैदानावर परतायला किमान 9 महिने धर. घाई केलीस तर पुन्हा तुटायचा धोका वाढतो.

खरा फरक टिकण्यात. बचावपटूला फॉरवर्डच्या मागे झटक्यात वळावं लागतं. सैल गुडघा तिथेच निसटतो, आतली गादीही फाटू शकते. टॉटनहॅम या इंग्लिश क्लबचा बचावपटू लेडली किंग दुखऱ्या गुडघ्यामुळे सराव टाळून सामने खेळला. 2012 मध्ये, 31व्या वर्षी थांबावंच लागलं. फार वाईट वाटलं होतं.

मांडीचा व्यायाम दोन्हीकडे चुकत नाही.

फुटबॉलच खेळायचा असेल तर ऑपरेशन. वावरातलं काम, सायकल एवढंच हवं असेल, गुडघा निसटत नसेल, तर आधी व्यायाम.