मॅट वार्निशचा स्प्रे: पावसाळ्यासकट आठ महिन्यांचा अनुभव

टेबलावरच्या युद्धखेळांत मिनिएचर (छोट्या रंगवलेल्या मूर्ती) बेसला धरून उचलतात, टेरेन (पटावरच्या भिंती, टेकड्या) मात्र हात पडेल तिथे धरतात. पडक्या भिंतींच्या कडांवरचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने दिलेला रंग) म्हणूनच सगळ्यांत आधी झिजतो. त्यासाठी फेब्रुवारीत ४०० मिलीचा मॅट (चमक नसलेल्या) वार्निशचा स्प्रे घेतला. मेपर्यंत तक्रारीला जागाच नव्हती. वॉशची (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाची) चमक पूर्ण गेली, रंग घट्ट बसला.

जुलैत त्याच डब्यातून काळ्या-करड्या भिंतींवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर आला. एकच तारा द्यायचं ठरलं होतं. आता तीन देतो आहे, कारण अर्धा दोष वापरण्यात होता.

पांढऱ्या थराची कारणं तीन. पहिलं, दमट हवेत सॉल्व्हंट (वार्निशमधला उडून जाणारा द्रव) झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि वार्निशच्या थरात अडकतं. असा थर हाताला गुळगुळीत पण दिसायला दुधाळ असतो. दुसरं, थर खरखरीत लागला, तर स्प्रे लांबून मारल्यामुळे थेंब हवेतच वाळले आहेत; २० ते ३० सेंमी अंतर ठेवा. तिसरं कारण म्हणजे चमक मारणारी पूड डब्याच्या तळाशी बसते. आतली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका. ही एक ओळ डब्यावर ठळक छापायला काय हरकत होती? एक तारा फक्त त्यासाठी कापला आहे.

दुधाळ झालेले तुकडे टाकू नका. पाण्यावर आधारित ग्लॉस वार्निशचा पातळ हात ब्रशने दिला की खालचा रंग बहुतेक ठिकाणी परत वर येतो. तो रात्रभर वाळू द्या, मग ब्रशनेच मॅट लावा. विटांच्या खोबणीत मॅट साचू देऊ नका, तिथे ते पुन्हा पांढरं वाळतं.

एक्सपीएस फोमवर (ज्यातून टेरेन कापतात त्या घट्ट थर्माकोलसारख्या फोमवर) हा स्प्रे थेट मारला तर फोम विरघळून खड्डे पडतात. आधी फेविकॉल एमआर आणि काळा अ‍ॅक्रिलिक समसमान घेऊन, थोडं पाणी घालून दोन हात द्यावे लागतात. खिडक्यांच्या आतल्या कडा आणि तुकड्याची खालची बाजू हमखास राहून जाते आणि नेमकी तिथेच फोम खाल्ला जातो. पावसाळ्यात हा लेप वाळायला दोन दिवस धरा. वरून कोरडा वाटला तरी कोपऱ्यात चिकट असतो.

स्टॅटिक ग्रास (चिकटवायचं कृत्रिम गवत) वार्निशनंतरच लावा, नाहीतर गवताची टोकं पांढरी पडतात. डबक्यांना पाण्यासारखी चमक देणारं ग्लॉस अगदी शेवटी.

खर्चाचं बोलायचं तर स्प्रेचा बराच भाग हवेतच जातो. ब्रशच्या बाटलीतला थेंब न् थेंब तुकड्यावर राहतो. पण दगडी पोत असलेल्या मोठ्या टेकडीवर ब्रश फिरवणं जिकिरीचं आहे, तिथे स्प्रेच हवा. पुढचा डबा घेणार, दिवाळीनंतर.