साडेसहा हजारांची हिरवी काच

दुर्बिणीला लावायचा, तेजोमेघांचा ठरावीक हिरवा प्रकाशच आत सोडणारा सव्वा इंची ओ-थ्री फिल्टर घरी आला तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न, "दहाच्या नाण्याएवढ्या काचेचे साडेसहा हजार?" उत्तर द्यायला दिवाळीपर्यंत थांबलो. पाडव्याला पुण्याच्या धुरातून निघून वेल्ह्याजवळ मामांच्या शेतावर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडली, ३२ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावला आणि हंस तारकासमूहातला ५२ सिग्नी तारा धरला. फिल्टरविना तारा आणि भोवती काळोख, बस्स. फिल्टर लावला आणि ताऱ्याला चाटून गेलेली फिकट वात दिसली, एका टोकाला निमुळती, दुसरीकडे उसवलेली. मामा म्हणाले, "चुलीचा धूर हाय जनू."

धूरच, पण हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या दुसऱ्याच ताऱ्याचा. त्या स्फोटाची लाट अजून ताऱ्यांमधला वायू दाबत, तापवत चालली आहे. वायूबरोबर त्यातलं चुंबकीय क्षेत्रही दाबलं जातं आणि उलट रेटा देतं, म्हणून वायू एका मर्यादेपलीकडे चेपत नाही. ते क्षेत्र कुठल्याच काचेतून दिसत नाही म्हणा. दिसतो तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, म्हणजेच ओ-थ्री, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशात. हा फिल्टर तेवढंच आत सोडतो. असा उत्तेजित अणू प्रकाश टाकायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. आपल्या हवेत तोवर त्याला अब्जावधी टकरा बसतील. तिथल्या विरळाईत त्याला कुणी हटकत नाही. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्सला तेजोमेघाच्या वर्णपटात या हिरव्या रेषा दिसल्या, पुढे त्यांच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. तो साधा ऑक्सिजन आहे हे १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेननं दाखवलं.

रात्री उशिरा मृगातला तेजोमेघही छान उठून आला. कृत्तिकांवर मात्र फिल्टर लावू नका. तिथली धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परतवते, त्यात ओ-थ्रीची रेषा नाही. फिल्टर सगळंच गिळतो. देवयानी दीर्घिकेचंही तेच.

शहरात? आमच्या गच्चीवर सोडियमचे दिवे होते तोवर कदाचित फायदा झाला असता. आता समोर पांढरे एलईडी, त्यांचा थोडा प्रकाश याच पट्ट्यातून आत येतो. मृगात उन्नीस-बीस फरक पडला, हंसात काहीच नाही. गच्चीपुरतंच बघणार असाल तर पैसे पेट्रोलला ठेवा.

तक्रार एकच, आट्यांची. थंडीत फिल्टर आयपीसमध्ये असा अडकला की सकाळी उन्हात ठेवूनच सुटला. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. आता आट्यांवर पेन्सिलीचं शिसं चोळतो, मग सुरळीत फिरतो.