रास्पबेरी पायला आवाज आणि कान: काही महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या रियाजासाठी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्याशा संगणक-बोर्डावर तानपुरा आणि ठेका वाजवायचा आणि त्याच वेळी तिचं गाणं टिपायचं, एवढंच काम होतं. या बोर्डाला हेडफोनचा जॅकही नाही. त्याच मालिकेतल्या पाय ४ ला तो आहे, पण त्यातून आवाज फक्त बाहेर येतो, माइकची सोय नाही. पाय ५ मधून तर जॅकच काढून टाकला आहे.

आधी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड माइकसाठी आणि आवाजासाठी टीव्हीचं एचडीएमआय अशी जोडणी वापरली. सुरुवातीला सगळं जुळायचं. पण तासाभराचं रेकॉर्डिंग मूळ ठेक्यावर ठेवलं की शेवटी सम सरकलेली असायची. कारण दोन उपकरणांची दोन घड्याळं, आणि त्यांचा वेग किंचित वेगळा. दहा लाखांत ५० इतकाच फरक धरला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या तीनतालात ही एक तृतीयांश मात्रेहून जास्त चूक आहे. लयीची चूक गाणाऱ्याची की यंत्राची, हेच कळेनासं होतं.

म्हणून आयटूएसवर (चिपांमध्ये डिजिटल आवाज नेणाऱ्या तारांची जोडणी) आलो. आयएनएमपी४४१ माइक आणि मॅक्स९८३५७ए अॅम्प्लिफायर. दोघांना क्लॉकच्या, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांच्या, तारा सामाईक (बोर्डाच्या जीपीआयओ पिना १८ आणि १९), माइकचा डेटा २० वर येतो, स्पीकरचा २१ वरून जातो. एकच घड्याळ असल्यामुळे सुरुवातीचा फरक एकदा सरकवून जुळवला की शेवटपर्यंत हलत नाही. माझ्या दृष्टीने या जोडणीचं खरं मोल हेच, आणि यासाठी मी ती कुणालाही सुचवेन.

पायच्या कॉन्फिग फाइलीत गूगलव्हॉइसहॅट-साउंडकार्ड हा ओव्हरले (कोणतं हार्डवेअर जोडलंय ते पायला सांगणारी नोंद) घातला की आत-बाहेर दोन्ही एकाच कार्डावर दिसतात. गूगलच्या २०१७ च्या व्हॉइस किटसाठी तो बनला होता, इथेही चपखल बसतो. ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट असंच रेकॉर्ड करायचं. माइक २४ बिटांचाच आहे, पण तो ३२ बिटांच्या चौकटीत पाठवतो.

आता त्रास. माइकचा आवाज फार हळू येतो आणि वाढवायला हार्डवेअरचा व्हॉल्यूम नाही, तेव्हा नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवावा लागतो. त्याबरोबर बारीक सूंसूंही वाढते. विलंबित आलापात ती जाणवते. माइक तोंडापासून हातभर अंतरावर ठेवल्यावर बरीच दबली. माइक चारही बाजूंचं ऐकतो, त्यामुळे पंखा बंदच ठेवावा लागतो.

वाजवणं सुरू-बंद होताना स्पीकरमधून टक्क असा आवाज येतो. तानपुरा अखंड चालू ठेवला की तो सुरुवातीला आणि शेवटीच उरतो.

वायरिंग करताना माइकला ३.३ व्होल्टच द्या, अॅम्प्लिफायरला ५ चालतात. स्पीकरची कुठलीच तार ग्राउंडला जोडू नका, या अॅम्प्लिफायरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. क्लॉकची तार वीतभरापेक्षा लांब नको, तिच्यावर ३ मेगाहर्ट्झहून जास्त वेगाने सिग्नल धावतो.

पुढे हार्मोनियमसाठी दुसरा माइक त्याच डेटा तारेवर जोडणार आहे: एकाची एलआर पिन ग्राउंडला, दुसऱ्याची ३.३ व्होल्टला, म्हणजे डावं-उजवं वेगळं मिळतं.