तीन व्हिडिओ आणि एक निळा टॉवेल

आमची चिमी रस्त्यावरून आणलेली, गावठी. माणसांशी अगदी लोणी, पण समोर दुसरा कुत्रा दिसला की पट्टा ताणून, मागच्या दोन पायांवर उभी राहून भुंकायची. कोथरूडच्या गल्लीत रोज सकाळी आमची शोभा.

म्हणून क्लास लावला. पहिल्याच रविवारी आठ कुत्री, दोघांत जेमतेम चार फूट. चिमी पहिल्या मिनिटालाच पेटली. घाबरलेल्या कुत्र्याला असं गर्दीत बसवून काही शिकवता येत नाही, हे आता कळतं. तिथूनच काढता पाय घ्यायला हवा होता. पण सर म्हणाले, "ताई, ग्रुपमध्ये हिचं जमणार नाही. माझ्याकडे २१ दिवस ठेवा. गॅरंटी देतो." २८,००० रुपये, सगळे आगाऊ. पावतीवर फक्त 'बोर्डिंग' लिहिलं होतं. मी ती नीट वाचली कधी, तर भांडण झाल्यावर.

भेटायला येऊ का विचारलं, तर म्हणे तुम्हाला बघून ती शिकलेलं विसरेल. त्याऐवजी व्हिडिओ यायचे. पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. चिमी एका लॅब्रडॉरशेजारी गपगार बसलेली. मी ते घरच्या ग्रुपवर टाकून कौतुकही करून घेतलं. आईनं मात्र विचारलं, "त्यांचा टॉवेल वाळत नाही का गं?" तिन्ही व्हिडिओंत मागच्या दोरीवर तोच निळा टॉवेल, एक टोक चिमट्यातून तसंच सुटलेलं. एका दुपारचं शूटिंग, तीन तुकडे करून पाठवलेलं.

त्याच संध्याकाळी तिला घरी आणलं. गळ्याखालचे केस बाजूला केले तर काडीच्या गुलाएवढ्या दोन जखमा, शेजारी शेजारी. डॉक्टर म्हणाले, शॉक कॉलरची, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याची, टोकं रुतलीत, पट्टा तासन् तास घट्ट बांधलेला असणार. वेल्समध्ये या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे घरपोच येतात.

आणि हो, चिमी खरंच भुंकेनाशी झाली होती. आठवडाभर आम्हाला वाटलं, चला, निदान तेवढं तरी झालं. मग एकदा लिफ्टचं दार उघडलं, समोर शेजाऱ्यांचा पग. ना गुरगुर, ना दात दाखवणं, थेट कान धरला. आधी ती निदान सांगायची तरी. सांगितलं की झटका बसतो, एवढंच तिकडे शिकली. भीती होती तिथेच.

पैसे मागितले तर उत्तर आलं, "कोर्स तुम्हीच अर्धवट सोडलात." ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. हातात पुरावा काय, तर सरांचे 'गॅरंटी'वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. तुमच्याकडे असे असतील तर पुसू नका.

आताच्या मॅडमनी पहिला तासभर नुसते प्रश्न विचारले. गॅरंटी मागितली तर हसल्या. मैदानावर तीस फुटांवर कुत्रा दिसला की उकडलेलं चिकन, तो दिसेनासा झाला की चिकन बंद. तीन महिन्यांत पंधरा फुटांवर आलोय.

सरांच्या पेजवर चिमी अजून आहे, '२१ दिवसांत बदल' म्हणून. टॉवेल तेवढा कापलाय.