दहा दिवस हातात होते

वसुबारसेला, १७ ऑक्टोबर २०२५ ला, माझा कॉम्प्युटर विंडोज १० वरून ११ वर गेला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबरला संपला होता, म्हणून ओळखीच्या दुकानातल्या मुलाला बोलावलं. तो दुपारी आला आणि संध्याकाळी काम आटपून गावी गेला. धनत्रयोदशीला सकाळी मशीन लावलं, तर डेस्कटॉप कोरा. डॉक्युमेंट्स रिकामं, म्युझिक रिकामं. सहा वर्षं जमवलेल्या माझ्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर २०१९ पासून मी हे काम करते आहे. मिरजेहून भिलवडी, सावळज, कवठे एकंद, जिथे कुणी म्हातारी ओव्या म्हणते असं कळेल तिथे एसटीने जायचं, मोबाइलवर आवाज घ्यायचा, घरी येऊन टाइप करायचं. अकराशेच्या वर ओव्या झाल्या होत्या. हे सांगते ते एवढ्यासाठी की त्या सकाळी माझी काय अवस्था झाली असेल ते कळावं. अशा अवस्थेतलं माणूसच फोनवरून फसवणारे लोक शोधत असतात.

दुकान दिवाळीला बंद, मुलाचा फोन लागेना. मी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन केला. तो नंबर जाहिरातीचा होता. निकालांच्या डोक्यावर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते मी पाहिलंच नाही. कंपनीचं नाव आणि चिन्ह तिथे होतं, मला तेवढं पुरलं.

पलीकडचा माणूस हिंदीत अतिशय अदबीने बोलत होता. त्याने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं, त्यावर आलेला आकडा विचारला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माउस आपोआप हलू लागला. त्याने 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचं पान उघडलं. त्यात लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. "माताजी, हे सगळे व्हायरस." मग एक काळी खिडकी उघडून त्याने काहीतरी टाइप केलं. भराभर ओळी पळाल्या आणि शेवटी इंग्रजीत आलं, 'सुरक्षा भेदली गेली आहे.' पुढे भाच्याने त्याच्या स्वतःच्या धडधाकट लॅपटॉपवर मला हे दोन्ही करून दाखवलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तशाच लाल खुणा, कारण बारीकसारीक अडचणींची नोंद प्रत्येक मशीन तिथे ठेवतंच. पळणाऱ्या ओळी म्हणजे 'ट्री' या साध्या आज्ञेने आलेली फोल्डरांची यादी. शेवटची ती भीतीदायक ओळ त्या माणसाने ओळी पळत असताना स्वतःच टाइप केली होती.

एक गोष्ट मात्र मला आजही झोपू देत नाही. तो सी ड्राइव्हमध्ये शिरला तेव्हा 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं पिवळं फोल्डर मला दिसलं होतं. मी विचारलंही, "हे काय आहे?" तो म्हणाला, "त्यात व्हायरस कोंडलाय, हात लावू नका." माझ्या ओव्या त्याच फोल्डरात होत्या. त्याला ते ठाऊक होतं असं मी ठामपणे म्हणते, कारण त्याने लगेच ती खिडकी मिटवली.

त्या दिवशी 'रिकव्हरी लायसन्स'चे ४,९९९ रुपये गेले. पाडव्याला 'सर्व्हर चार्ज' म्हणून १२,५०० गेले. दोन्ही वेळा यूपीआयचा पिन मी माझ्या हाताने टाकला. काम दहा दिवस चालेल, मशीन रात्रंदिवस चालू ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला दाखवलंत तर डेटा कायमचा लॉक होईल, असं त्याने बजावलं होतं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत असायची. मी रोज सकाळी देवपूजेआधी ती किती पुढे गेली ते बघायची.

भाऊबीजेला, २३ तारखेला, मी दादाकडे होते. त्याचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो माझ्या शेजारी पाटावर बसून करंज्या खात होता. त्याने विचारलं, "आत्या, ओव्या कुठवर आल्या?" मी म्हणाले, "चाललंय." लाज वाटत होती, आणि डेटा लॉक होण्याची भीतीही. त्या दिवशी सहावा दिवस होता. फोल्डर जागेवर होतं. त्याला दोन वाक्यं सांगितली असती तर जेवणं व्हायच्या आत सगळं परत मिळालं असतं.

२७ तारखेला त्या माणसाने नेट बँकिंग उघडायला सांगितलं आणि ओटीपी मागितला, तेव्हा मी फोन ठेवला. २८ ला रात्री भाच्याला फोन केला. तो एक अक्षर रागावला नाही. म्हणाला, "आत्या, आधी ते अ‍ॅप काढ आणि नेट बंद कर. आता सी ड्राइव्ह उघड. विंडोज डॉट ओल्ड दिसतंय का?" दिसत नव्हतं.

त्याने जे समजावलं ते जसंच्या तसं लिहिते. नवं विंडोज बसवताना 'काय ठेवायचं' असं विचारलं जातं. तिथे 'काहीच नको' निवडलं गेलं, तरी जुन्या फायली लगेच पुसल्या जात नाहीत. जुनं सगळं सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्डमध्ये जातं. त्यात 'युजर्स', त्यात आपलं नाव, त्यात आपले डॉक्युमेंट्स. तिथून पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्यायचं, बस. पण साधारण दहा दिवसांनी विंडोज जागा मोकळी करायला ते फोल्डर स्वतःच काढून टाकतं. मला दिलेली दहा दिवसांची मुदत कुठून आली होती ते तेव्हा लक्षात आलं. माझ्या मशीनमध्ये दोन वर्षांपूर्वी एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, बसवली होती, आणि एसएसडीवर पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे लवकरच साफ होते. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर काही आशा होती, तीही मशीन बंद ठेवलं असतं तर. मी ते रात्रंदिवस चालू ठेवलं होतं.

तुमच्याकडे असं झालं तर फोल्डर तिथे नसलं तरी धीर सोडू नका. कधी कधी अपडेटनंतर मशीन तात्पुरत्या प्रोफाइलने, म्हणजे तुमच्याऐवजी एका कोऱ्या खात्याने, उघडतं. अशा वेळी सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये तुमच्या नावाचं, किंवा नावापुढे 'बॅक' अथवा तीन शून्यं जोडलेलं फोल्डर सापडतं. कधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, फोल्डरात सरकलेले असतात. फाइलचं नाव आठवत असेल तर अख्ख्या सी ड्राइव्हमध्ये शोधा. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. पुसलेल्या फायली शोधायचा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'विंडोज फाइल रिकव्हरी' हा प्रोग्रामही फुकट आहे. आणि पडद्यावरच्या इशाऱ्यात फोन नंबर असेल तर तो इशारा खोटा समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे पुढच्या खात्यात असतानाच कळवलं तर तिथे अडवता येतात. माझे पहिले पैसे जाऊन दहा दिवस झाले होते, दुसरे जाऊन सहा. बँकेतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पिन मीच टाकलेला असल्यामुळे भरपाईचा मार्ग अवघड आहे. त्यांनी पासवर्ड बदलून घेतले, यूपीआयची मर्यादा कमी करून दिली.

२०२२ च्या एका पेन ड्राइव्हवर ७४० ओव्या निघाल्या. वहीत हाताने उतरवलेल्या आणखी दीडशे आहेत, त्या पुन्हा टाइप करते आहे. भाच्याने आता दोन प्रती ठेवायला लावल्या आहेत, एक दादाच्या घरी. आवाज मात्र सगळे गेले, कारण मोबाइल भरला की मी ते कॉम्प्युटरवर टाकून मोबाइलमधून पुसत असे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुसऱ्याच आवाजाचा फोन आला. म्हणे फसवणूक निवारण विभागातून बोलतो, तुमचे १७,४९९ रुपये परत मिळवून देतो, फक्त २,००० भरा. रक्कम रुपयापर्यंत बरोबर होती. ज्यांनी लुटलं त्यांच्याकडूनच माझा नंबर आणि हिशेब पुढे गेला असणार. मी तो नंबर आधीच्याच तक्रारीला जोडला.

भिलवडीच्या एका आजींचा चौदा मिनिटांचा आवाज माझ्याकडे होता. सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या, गेल्या वर्षी गेल्या. मार्गशीर्षात त्यांचं वर्षश्राद्ध आहे, आणि त्या दिवशी घरात तो आवाज लावायचा म्हणून त्यांच्या नातवाने माझ्याकडे मागितला आहे. येत्या रविवारी मी स्वतः भिलवडीला जाऊन त्याला सांगणार आहे.