बेसबॉलचं मैदान : डाउनटाउनमध्ये की हायवेलगत?

एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत आम्ही मतदान केलं. मतपत्रिकेवरचा प्रश्न होता मैदानांसाठीचा डॉलरमागे ३/८ सेंटचा सेल्स टॅक्स पुढची ४० वर्षं चालू ठेवण्याचा. त्यात फुटबॉलच्या चीफ्सचाही वाटा होता, पण घरोघरी वाद झाला तो रॉयल्स या आमच्या बेसबॉल संघावरून. बेसबॉलचं मैदान आहे तिथेच, हायवेलगत राहावं, की डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या मध्यभागी यावं? सुमारे ५८ टक्के मतं विरोधात पडली. माझं मत बाजूने होतं आणि आजही आहे. तरी विरोधात गेलेल्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. अमेरिकेत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या शहरात उभा राहतोच. तुमच्याकडे आला तर उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

आधी हायवेची बाजू. कॉफमन स्टेडियम १९७३ साली सुरू झालं, आय-७० आणि आय-४३५ एकमेकांना छेदतात तिथे, चीफ्सच्या अ‍ॅरोहेडच्या शेजारी. आउटफिल्डमागची कारंजी संध्याकाळी दिव्यांत बघावीत. मैदान म्हणून त्याला नावं ठेवायला मला जागा सापडत नाही. ब्लू स्प्रिंग्स किंवा लीज समिटला राहणारा माणूस घरून निघतो, हायवे धरतो आणि गल्लीबोळात न शिरता थेट दारात पोचतो. लहान मुलं, आजी-आजोबा, सोबतचं सामान असं सगळं असेल तर याचं मोल कळतं.

आणि टेलगेटिंग, म्हणजे सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीपाशीच जमवलेली मेजवानी. आपल्या मंडळींना हा प्रकार फार मानवतो. रविवारच्या सामन्याला चार-पाच कुटुंबांनी लवकर जायचं, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, ग्रिलवर कणसं भाजायची, डब्यांतून भेळेचं सामान काढायचं. तोवर पोरं दोन गाड्यांच्या मध्ये टेनिस बॉलने क्रिकेट खेळून घेतात. शेजारच्या गाडीतले अनोळखी लोक भेळ खाऊन जातात आणि त्यांचे सॉसेज आपल्याकडे येतात. डाउनटाउनच्या बहुमजली पार्किंगमध्ये हे होणार नाही. मैदान हललं तर हे सुख जाईल, हे मान्य करूनच मी मत दिलं.

आता दुसरी बाजू. त्यासाठी आमच्या मिझुरी राज्याबाहेर जायला नको. आय-७० वरूनच पूर्वेला सुमारे ४०० किलोमीटर गेलं की सेंट लुईस. तिथल्या कार्डिनल्स संघाचं बुश स्टेडियम २००६ चं, भर डाउनटाउनमध्ये. सेंटर फील्डच्या वर गेटवे आर्च ही शहराची उंच कमान दिसते आणि मेट्रोलिंक या शहर रेल्वेचं स्टेशन मैदानाला लागून आहे. विमानतळावरून निघालेली गाडी थेट तिथे आणून सोडते. आम्ही गेलो की दुपारीच पोचतो, नदीकाठी फिरतो, कुठेतरी जेवतो आणि लाल टी-शर्टांच्या लोंढ्याबरोबर चालत आत जातो. वानखेडेवरून चर्चगेटकडे चालत आलेल्याला यात नवल वाटणार नाही. ज्याने फक्त पार्किंगमधून मैदान पाहिलं आहे त्याने मात्र हे एकदा अनुभवावं. बऱ्याच हंगामांत त्या मैदानावर ३० लाखांहून अधिक प्रेक्षक आले. ते निव्वळ जागेमुळे असं मी म्हणत नाही, त्या गावाचं बेसबॉलवेड जुनं आहे.

पण माझं मत ज्या गोष्टीवर ठरलं ती वेगळीच आहे : नववी, म्हणजे शेवटची इनिंग.

काही वर्षं नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात होतो. तिथलं मैदान शहराबाहेर, चारी बाजूंनी पार्किंग, बाहेर पडायला मोजके रस्ते. सातवी इनिंग संपली की आजूबाजूला चुळबुळ सुरू व्हायची. आठवीत बॅगा उचलल्या जायच्या. कारण साधं आहे : हजारो गाड्या एकाच वेळी त्याच मोजक्या रस्त्यांवर येणार, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी निघायचं असतं. पुण्याहून बाबा आले होते तेव्हा त्यांनाही घेऊन गेलो. शेवटची ओव्हर सोडून उठणारा प्रेक्षक त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आमचा संघ एका धावेने मागे होता, मुलीची दुसऱ्या दिवशी शाळा होती, मागची अख्खी रांग उठली, म्हणून आम्हीही उठलो. गाडी पार्किंगमध्येच अडकलेली असताना मैदानातून गर्जना ऐकू आली. नवव्या इनिंगमध्ये दोन धावा काढून संघ जिंकल्याचं रेडिओने सांगितलं. मुलगी हातमोजा घालून मागच्या सीटवर बसून होती.

बेसबॉलला वेळेची मर्यादा नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत हरणारा संघ जिवंत असतो आणि या खेळाची सगळी गंमत त्यातच आहे. ज्या मैदानाची रचनाच लोकांना त्याआधी उठायला लावते, तिथे पैसे देऊन तिकीट काढायचं आणि खेळाचा गाभा सोडून यायचं, हे मला पटेनासं झालं. डाउनटाउनमध्ये गर्दी तितकीच असते, पण ती दहा दिशांना पांगते. कोणी स्टेशनकडे, कोणी हॉटेलात, कोणी पाच-सहा चौक पलीकडे लावलेल्या गाडीकडे. घाई करून फारसं काही पदरात पडत नाही, म्हणून लोक बसतात. हा माझा अनुभव, मोजून काढलेला निष्कर्ष नाही. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे प्रत्येक चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा, आल्यापासून सामने लवकर संपतात, त्यामुळे हायवेच्या मैदानांवरही आता लोक जास्त थांबत असतील.

डाउनटाउनजवळ असणं म्हणजे डाउनटाउनमध्ये असणं नव्हे, हेही ध्यानात ठेवा. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम डाउनटाउनपासून लांब नाही, पण टेकडीवर सुमारे १६,००० गाड्यांच्या पार्किंगच्या मधोमध आहे. नकाशावर अंतर मोजू नका. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं काय दिसतं ते बघा.

त्याच डॉजर स्टेडियमची दुसरी आठवण मला जास्त गंभीर वाटते. ते उभं आहे त्या शावेझ रविनमध्ये मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची वस्ती होती. आधी सरकारी घरांच्या योजनेसाठी ती उठवली. ती योजना बारगळली आणि पुढे जागा मैदानाला गेली. १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढलं. शहरात मोकळी जमीन नसते, कोणीतरी हलतं. आमच्याकडे नव्या मैदानासाठी डाउनटाउनच्या क्रॉसरोड्स भागातली जागा पुढे आली तेव्हा वर्तमानपत्राचा जुना छापखाना रिकामाच होता, पण आजूबाजूची छोटी दुकानं, खानावळी चालू होत्या. डाउनटाउनचे पुरस्कर्ते असलेले माझे दोन शेजारी याच कारणाने विरोधात गेले. याच एका मुद्द्यावर माझंही मत डळमळलं होतं. बाल्टिमोरने कॅम्डन यार्ड्स १९९२ मध्ये जुन्या रेल्वे यार्डच्या जागी बांधलं आणि कडेचं लांबलचक गोदाम तसंच ठेवलं. अशी जागा मिळत असेल तर प्रश्न बराच सोपा होतो.

पैशांबद्दल थोडक्यात. मैदानामुळे शहराची भरभराट होते या दाव्याला बहुतेक अर्थतज्ज्ञ दुजोरा देत नाहीत. लोक एरवी दुसरीकडे केलेला खर्च तिथे करतात. हे दोन्ही बाजूंना सारखंच लागू आहे. मैदानाबरोबर दाखवलेल्या आजूबाजूच्या इमारतींच्या चित्रांवरही लगेच विसंबू नका. सेंट लुईसमध्ये मैदान २००६ ला झालं, पण शेजारच्या बॉलपार्क व्हिलेज या दुकानं-उपाहारगृहांच्या संकुलाचा पहिला टप्पा २०१४ ला उघडला. तोवर डाउनटाउनच्या मध्यावर ती जागा पडून होती. उलट अटलांटाचा ब्रेव्हज संघ २०१७ मध्ये शहराबाहेर, हायवेलगतच्या कॉब काउंटीत गेला, तेव्हा मैदानालगतची दुकानं-उपाहारगृहं जवळपास मैदानाबरोबरच उभी राहिली. वेळेच्या बाबतीत हायवेची बाजू सरस ठरली. मला मात्र तिथे फिरताना सगळं एकाच मालकाने आखलेलं जाणवतं आणि तिथवर मार्टा ही अटलांटाची शहर रेल्वे जात नाही. म्हणजे पुन्हा गाडी, पुन्हा पार्किंग.

कॅन्सस सिटीत बेसबॉल मुळात शहरातलाच खेळ होता. १९७३ च्या आधी सामने ब्रुकलिन अव्हेन्यूवरच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये होत, एटीन्थ अँड व्हाइन या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कृष्णवर्णीय खेळाडूंचा मोनार्क्स संघ तिथेच खेळायचा; पुढे मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये त्याच संघात होता. आणि २०१५ मध्ये रॉयल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली तेव्हा मिरवणूक डाउनटाउनमधूनच युनियन स्टेशनपर्यंत गेली. ती गर्दी ज्याने पाहिली त्याला संघ शहरात असण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आता तिथे स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम आहे, तिला तिकीट नाही आणि २०२५ पासून ती दक्षिणेला विद्यापीठापर्यंत जाते.

तुमच्या काउंटीत जाहीर सभा झाली तर तीन गोष्टी विचारून घ्या. कोणाला उठवणार आणि त्यांना काय देणार? रात्री सामना संपल्यावर शेवटची ट्रेन किंवा बस किती वाजता? आजूबाजूच्या इमारतींची तारीख करारात आहे की फक्त चित्रात? पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही तर तुम्ही विरोधात मत दिलंत तरी मी समजू शकतो. आलं, तर माझं मत डाउनटाउनला.